उणे एक दिवस, अधिक तेवीस तास

पायथन या प्रोग्रामिंग भाषेत कालावधी ठेवायला ‘टाइमडेल्टा’ नावाचा प्रकार आहे. त्यात उणे एक तास भरा आणि छापून बघा. पडद्यावर ‘-1 डे, 23:00:00’ उमटतं. एक रुपया देणं असताना शंभराची नोट पुढे करून नव्व्याण्णव परत मागावेत, तसला हा व्यवहार. हिशेब चोख आहे. आत दिवस, सेकंद आणि मायक्रोसेकंद एवढे तीनच कप्पे असतात, आणि उणे व्हायची मुभा फक्त दिवसाला. वाचणाऱ्याचं काय, हा विचार तेवढा राहून गेला.

महिना या कप्प्यांत नाहीच, आणि ते शहाणपणाचं आहे. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये महिना आहे, तर त्याची गंमत बघा. 31 जानेवारीत एक महिना मिळवला की साध्या वर्षी 28 फेब्रुवारी येते. तिच्यात आणखी एक महिना मिळवा, 28 मार्च. दोन महिने एकदमच मिळवले असते तर 31 मार्च आली असती! म्हणून तिथे महिने, दिवस आणि मायक्रोसेकंद वेगवेगळे मांडून ठेवतात. जावा भाषेनेही 2014 साली आठव्या आवृत्तीत कॅलेंडरच्या दिवस-महिन्यांसाठी ‘पीरियड’ आणि तास-सेकंदांसाठी ‘ड्युरेशन’ अशी सरळ वाटणीच करून टाकली.

महिन्याचं समजू शकतं, पण दिवससुद्धा? अमेरिकेत उन्हाळ्यासाठी घड्याळं तासभर पुढे करतात आणि नंतर मागे घेतात, म्हणून न्यू जर्सीत मार्चमधला दुसरा रविवार तेवीस तासांचा असतो आणि नोव्हेंबरमधला पहिला पंचवीसचा. आपल्याकडची घड्याळं जागची हलत नाहीत, त्यामुळे ही भानगड कळते ती तिकडच्या भाच्याला फोन लावताना. मार्चमधल्या त्या शनिवारी साडेदहा तासांचा फरक, सोमवारी साडेनऊ. गो भाषेने यावर हातच जोडले. तिच्या ‘ड्युरेशन’मध्ये तासाच्या वरचं एककच नाही, तीन दिवस छापायला सांगितले तर बहात्तर तास छापते.

तारखा आणि कालावधी लिहिण्याच्या आयएसओ 8601 या आंतरराष्ट्रीय मानकाची लिपी तर औषधाच्या चिठ्ठीसारखी वाचावी लागते. ‘पीटी1एम’ म्हणजे एक मिनिट, आणि मधला ‘टी’ गळाला की ‘पी1एम’, म्हणजे एक महिना. लॉगिन किती वेळ चालू ठेवायचं, ती मुदत कुणी अशी लिहिली असेल तर देवच राखो.

मला मात्र खरा राग आहे तो माणसांसाठी म्हणून छापलेल्या वेळेवर. वेबसाइटवर ‘इतक्या वेळापूर्वी’ असं छापायला वापरली जाणारी मोमेंट-जेएस ही लायब्ररी 44 मिनिटांना 44 मिनिटंच म्हणते, पण 45 झाली की ‘एक तास’. हे ‘एक तास’ 89 मिनिटांपर्यंत चालतं, आणि नव्वदाव्या मिनिटाला थेट ‘2 तास’. भाषा मराठी निवडली तरी गणित तेच राहतं. म्हणजे आपला पाऊण तासही गेला आणि दीड तासही! डोंबिवलीहून सीएसएमटीला जाणाऱ्याला पाऊण आणि एक यांतला फरक कुणी शिकवायला नको. म्हणून माझ्या कोडात पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन आणि अडीच यांच्यासाठी एक छोटं फंक्शन असतं. तीन तास दहा मिनिटं आली की ते गुपचूप आकडे छापतं. रिव्ह्यू करणारे विचारतात, याची खरंच गरज आहे का? मी ‘हो’ एवढंच लिहितो आणि मर्ज करतो.