तंबोऱ्याला तडा आणि हातात सुपरग्लू

रात्री दोनच्या सुमाराला ‘टक्’ असा आवाज झाला. वाळकी फांदी मोडावी तसा, पण घरातून. हीटरच्या पाइपांना असले आवाज काढायची सवयच आहे, म्हणून मी कूस बदलून झोपले. सकाळी तंबोऱ्याची खोळ काढली तर भोपळ्यावर तबलीच्या, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावर बसवलेल्या लाकडी पाटीच्या, कडेपासून खाली चांगला चार बोटं तडा. त्याच बाजूला तबली आणि भोपळ्याचा जोडही वीतभर उघडलेला.

चूक माझीच. बाहेरच्या ० अंशाच्या हवेत मुळात बाष्प मावतंच थोडं. तीच हवा घरात २२ अंशांपर्यंत तापवली की आर्द्रता २५ टक्क्यांच्या आसपास उरते, आणि लाकडी वाद्यांना हवी असते ४० ते ६०. कोरड्या हवेत लाकूड आडवं आकसतं, भोपळा त्याच्या परीने आकसतो, आणि दोघं एकमेकांना धरून बसलेले असतात. कुठेतरी फुटणारच. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मी इथे ओळखीच्या प्रत्येकाला माझ्या तंबोऱ्याचा फोटो पाठवला होता. तो ठेवला मात्र होता हीटरपासून दोन हातांवर, कारण तिथे छान दिसायचा.

खणात सुपरग्लूची ट्यूब होती. “लाव की, बारीक तर आहे,” नवरा म्हणाला. मी टोपणही काढलं. ट्यूबचं तोंड वाळून बंद झालेलं. टाचणी शोधता शोधता म्हटलं, ज्यांनी बनवलाय त्यांना एक फोन तरी करावा.

“ताई, तारा उतरवल्यात का?” पलीकडून पहिला प्रश्न. नव्हत्या उतरवल्या. चारही तारा घोडीवरून, म्हणजे त्या जिच्यावर टेकतात त्या पट्टीवरून, तबलीला दाबत होत्या, दांडीला ओढत होत्या, आणि मी टाचणी शोधत होते. “आधी तारा सैल करा. एकदम नको, चारही थोड्या थोड्या. घोडी कुठे बसते ते टिपून ठेवा. मग फोटो पाठवा.”

फोटो पाहून ते म्हणाले, “सुपरग्लू लावलं नाहीत ना? मग वाचलं. ते तड्यात मुरतं आणि काचेसारखं होतं. नंतर आम्हाला तेवढा भाग कोरूनच काढावा लागतो.” तडा बाहेरून बुजवला तरी पुढे सरकायचा थांबत नाही. त्याला आतून कापडाची पट्टी लागते, आणि माझ्या तंबोऱ्यात आत हात घालायचा तर तबली उघडायला हवी. “ते तुमचं काम नाही,” हे त्यांनी दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा जरा जोरात.

टाचणी तोवर सापडली होती. परत ठेवून दिली.

तड्याचं काय करायचं ते ठरलं, पण उघडलेल्या जोडाचा प्रश्न उरलाच होता. इथे जवळच एक व्हायोलिन दुरुस्त करणारे आजोबा आहेत, त्यांच्याकडे तंबोरा घेऊन गेले. त्यांनी असं वाद्य कधी हातात धरलं नव्हतं. चष्मा वर सारून, पेराने टक टक करत ते भोपळ्याच्या कडेने फिरले. ठणठणीत आवाज येत होता तो तड्यापाशी बसका झाला. डोळ्यांना जोड जिथे संपलेला दिसत होता, त्याच्याही पुढे दोन बोटं घरघर ऐकू येत होती. म्हणजे तो आतून तिथपर्यंत सुटलेला होता. मला हे दहा वेळा बघूनही कळलं नसतं.

मग त्यांनी जे सांगितलं त्यावर माझा निर्णय झाला. व्हायोलिनची वरची पाटी मुद्दाम पातळ सरसाने, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या डिंकाने, चिकटवतात. ताण आला तर जोड सुटावा, लाकूड फुटू नये. आणि सरस उष्णतेने, ओलाव्याने परत सोडवता येतो, म्हणून जुनी व्हायोलिनं पुन्हा पुन्हा उघडून दुरुस्त करता येतात. सुटलेला जोड मी सरसाने चिकटवला आणि बिघडला, तरी दुसऱ्या कुणाला तो उघडता येईल. तड्याचं तसं नाही. “तो मीही करणार नाही,” आजोबा म्हणाले. “तुमच्या वाद्यावर शिकायची माझी इच्छा नाही.” हे वाक्य मला फार आवडलं. मी तर शिकायलाच निघाले होते!

घाई मात्र करायची नव्हती. आधी नऊ दिवस तंबोरा ह्युमिडिफायर लावलेल्या खोलीत, हीटर बंद करून. भोपळ्याला ओलं फडकं लावायचं नाही, हळूहळू हवा बदलायची. पहिल्या दिवशी तड्यात व्हिजिटिंग कार्ड जात होतं, नवव्या दिवशी वहीचा कागदही जाईना. तेव्हा सरसाचे दाणे पाण्यात भिजवले आणि गरम पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवून साधारण ६० अंशांवर वितळवले. उकळला की सरसाचा जोर जातो. वासाबद्दल न बोललेलं बरं. पहिला प्रयोग दोन लाकडी पट्ट्यांवर केला आणि पट्टी उचलेपर्यंत त्याची जेली झाली. दुसऱ्या वेळी पट्ट्या आधी हेअर ड्रायरने कोमट केल्या, तेव्हा जमलं. मग जोडात पातळ सुरीने सरस सारला, सायकलच्या ट्यूबची लांब पट्टी भोपळ्याभोवती गुंडाळली आणि एक पूर्ण दिवस त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं. चार वेळा बघितलं.

जोड धरलाय. पेराने वाजवलं की घरघर नाही. यशाने हात शिवशिवायला लागतात, हे मात्र खरं. आवाज तसाही मंद झाला होता, तर जवारी, म्हणजे तारा टेकतात तो घोडीचा वरचा भाग, तीही जरा घासून बघावी असं मनात आलं. कानशीने गेलेलं परत येत नाही, म्हणून कानस घरातच आणली नाही.

तारा अजून सैलच आहेत. रियाझ ॲपच्या तंबोऱ्यावर चालतो. त्याची खुंटी कधी उतरत नाही, याचाच राग येतो. तड्याच्या खालच्या टोकाला कागदी टेप लावून त्यावर पेन्सिलने रेघ आणि तारीख घातली आहे. रोज सकाळी चहाआधी टॉर्च घेऊन बघते. आर्द्रता आज ४६. रेघ आणि तडा अजून एकाच जागी आहेत, आणि जुलैत त्याला मिरजेला न्यायचं तिकीट काढताना मी त्याच्यासाठी शेजारची सीट मागितली आहे.