गणिताच्या पेपराआधीची धडधड

लालबागच्या एका मराठी शाळेत मी पी.टी. शिकवते. दहावीची प्रिलिम लागली की ग्राउंडला कुलूप लागतं आणि आमच्या वाट्याला सुपरव्हिजन आणि चक्कर आलेली मुलं येतात.

यंदा गणित भाग 1 च्या सकाळी शिपाईमामा धावत आले. "बाई, तुमची खो-खोची मुलगी पडली." पडली नव्हती. जिन्यात बसून धापा टाकत होती, बोटं आखडलेली. "बाई, मला हार्ट अटॅक येतोय." भोवती शिक्षिकांचा घोळका. एकीने कांदा मागवला, दुसरीचं "वर्षभर अभ्यास केला असता तर" सुरू झालं. अशा वेळी आधी मोठ्या माणसांना हटवावं लागतं.

या मुलीला दमा नाही, हृदयाचा त्रास नाही, हे मला माहीत होतं. घाबरून भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, बोटांना मुंग्या येतात, ती वळतात. त्याने माणूस आणखी घाबरतो.

मी म्हटलं, "चेझ करून आल्यावर काय करतो आपण? नाडी मोज."

अंगठ्याच्या खाली मनगटावर दोन बोटं, 15 सेकंद, गुणिले 4. ही सवय मी पाचवीपासून लावते. बोटं थरथरत होती, तरी तिने मोजले. 34. म्हणजे 136. "पोलपर्यंत पळून आलीस की तुझे 40 भरतात. तेव्हा घाबरतेस का?" तिने नाही म्हणून मान हलवली. मग व्हरांड्यात सावकाश चालवलं, चार अंकांत श्वास आत, सहा अंकांत बाहेर. पुन्हा मोजले तेव्हा 25. दहा मिनिटं उशिरा ती वर्गात बसली.

व्यायामाने डोकं चालतं हे मी दरवर्षी पालकसभेत सांगते. इलिनॉय विद्यापीठातल्या चार्ल्स हिलमन यांच्या गटाने 2009 मध्ये नऊ-दहा वर्षांच्या मुलांना ट्रेडमिलवर 20 मिनिटं चालवलं, तर त्यानंतर त्यांचं लक्ष जास्त टिकलं, वाचलेलं जास्त कळलं. जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वयाला रोज सरासरी 60 मिनिटं हालचाल सांगते. पण जिन्यातली गोष्ट मी कधी सभेत मांडली नव्हती. रोज पळणाऱ्या मुलाला छातीतली धडधड ओळखीची असते. ती चढते आणि आपोआप उतरते, हे त्याच्या अंगाला ठाऊक असतं.

आणि नेमकं हेच आम्ही दहावीला बंद करतो. वेळापत्रकात पी.टी.चे तास आहेत, दिवाळीनंतर ते गणित-विज्ञानाला जातात. गणिताच्या बाईंवर माझा राग नाही, पोर्शन त्यांच्या मानगुटीवर असतो. राग आहे तो वेळापत्रकावर सही करून तास परस्पर वाटणाऱ्यांवर. शेवटच्या तासाला निम्मा वर्ग पेंगतो, तो त्यांना दिसत नाही?

मुलीची आई दुपारी आली. जूनपासून खो-खो बंद, रात्री दोनपर्यंत पुस्तक, झोप नाही. "बाई, दहावी होऊ द्या, मग खेळेल." मी म्हटलं, "ताई, मॅच नको. सकाळी अर्धा तास पाठवा, बोर्डाच्या पेपरापर्यंत." आठवड्यातून तीन दिवस पाठवायला तयार झाल्या.

ती येते. फक्कीची रेषा मारून दोन फेऱ्या पळते, नाडी मोजते, क्लासला जाते. दहावीच्या बाकीच्या मुलांसाठीही ग्राउंड सकाळी उघडावं म्हणून मी अर्ज दिला आहे. उत्तर यायचं आहे, बोर्डाची परीक्षा तोंडावर आली आहे.