मागच्या इमारतीचा जिना

२०१६ चा जानेवारी. आदल्या वर्षी जर्मनीत आश्रय मागायला सुमारे ८ लाख ९० हजार माणसं आली होती. बर्लिनमध्ये टेम्पलहोफच्या बंद विमानतळावर हँगरमध्ये पार्टिशनं घालून लोकांची सोय केली होती. खोल्यांना वरून छत नाही, एक पोर रडलं की आसपासचे सगळे जागे. त्यामुळे न्यूकोल्नमधली १८८० च्या सुमाराची रिकामी पाच मजली इमारत निर्वासितांसाठी तयार करायचं काम आमच्या ऑफिसकडे आलं, तेव्हा मी निर्धास्त होते. राहती इमारतच ती. त्यात काय एवढं करायचंय?

पाहणीला अग्निशमन दलाचे अधिकारी आणि वारसा जतनवाल्या बाई एकाच दिवशी आले. रस्त्याकडची बाजू सुरळीत झाली. जुन्या दुहेरी खिडक्यांना हात लावायचा नाही, एवढंच बाईंनी बजावलं. एका खिडकीच्या दोन तावदानांमध्ये शेवटच्या भाडेकरूची जिरॅनियमची कुंडी तशीच होती, वाळून कोळसा झालेली.

मग रस्त्याकडच्या इमारतीखालच्या कमानीतून आम्ही आतल्या चौकात, मागच्या इमारतीपाशी आलो. आपल्या वाड्याच्या चौकात तुळस असते, इथे कचऱ्याचे डबे आणि सायकली. लेसर मीटर लावला : ५.४० मीटर. मला हसू आलं. १८५३ च्या नियमानुसार बर्लिनमधला चौक किमान ५.३४ मीटर लांब-रुंद असावा लागे. हवा-उजेडासाठी नव्हे, आगीचा बंब वळावा म्हणून!

अधिकारी हसले नाहीत. ‘दुसरी वाट कुठली?’ जिना एकच, तोही लाकडी. तो धुरानं भरला तर माणसं खिडकीतून काढायची. पण हातशिडी ८ मीटर उंचीच्या खिडकीपर्यंतच चालते. त्यावर शिडीची गाडी लागते, आणि ती कमानीतून आत येणार नाही.

‘पण परवापरवापर्यंत वर भाडेकरू राहत होते, याच जिन्यावर!’ मी म्हणाले.

‘आजही राहू देत. घर म्हणून जुनी परवानगी आहे. तुम्ही वसतिगृह करताय. वापर बदलला की आजचे नियम.’

राग यायला हवा होता, पण त्यांचं चूक नव्हतं. एकेका खोलीत चार पलंग, जर्मन पाट्या न वाचता येणारी माणसं. लोखंडी जिना सुचवला, तर बाईंनी मान हलवली. आणि तो बसवला असता तर खालच्या खोल्यांत दिवसाही दिवा लावावा लागला असता.

कमानीतून बाहेर पडताना मी सहज विचारलं, ‘वरच्या दोन मजल्यांवर सामायिक स्वयंपाकघर काढून टाकलं तर? एका कुटुंबाला एक घर, स्वतंत्र दार, स्वतंत्र करार?’

ते थांबले. ‘मग ते घरच झालं. मला कशाला बोलावता?’

त्या रात्री मी नकाशावरचं सामायिक स्वयंपाकघर खोडलं, चार छोटी काढली, आणि खाली दाराशी चार बेल.