दामाजीचा घोडा

लहानपणी वाड्यात आम्ही पोरंपोरी गोल करून बसलो आणि मधेच कुठून तरी वास आला की लगेच कोर्ट भरायचं. आदा पादा कोण पादा, दामाजीचा घोडा पादा, असं म्हणत एकेकाच्या गुडघ्यावर बोट टेकवत जायचं आणि शेवटचा शब्द ज्याच्यावर येईल तो गुन्हेगार, मग त्याने काही केलेलं असो वा नसो. पुरावा नाही, साक्षीदार नाही, अपील तर नाहीच. आणि जो सगळ्यात उत्साहाने मोजायला घ्यायचा ना, बहुतेक वेळा त्याचंच काम असायचं, हे आता कळतंय. मला मात्र तेव्हाही त्या घोड्याचं वाईट वाटायचं. तो तिथे नाही, त्याचा काही संबंध नाही, आणि दर वेळी नाव मात्र त्याचं.

आता आमच्याकडे घोडा आहे. म्हणजे पग जातीचा कुत्रा आहे, गोट्या. २००३ च्या सुमाराला टीव्हीवर मोबाईल नेटवर्कच्या जाहिरातीत एका लहान मुलाच्या मागे मागे फिरणारा पग आला आणि सगळ्यांनाच पग हवासा झाला, तिथून जी हौस सुरू झाली ती आमच्या घरापर्यंत यायला जरा उशीर लागला एवढंच. टीव्हीला वास नसतो हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. पगचं तोंड चपटं, नाक आत दाबलेलं, त्यामुळे तो घाईघाईने खाताना अन्नाबरोबर भरपूर हवा गिळतो, आणि आत गेलेली हवा कुठून तरी बाहेर येणारच ना.

दोन बेडरूमचा फ्लॅट आणि त्यात आई, बाबा, आजी, भाऊ आणि मी. गोट्या यायच्या आधी असं काही झालं की सगळे एकदम सभ्य व्हायचे. आई उठून उदबत्ती लावायची, भाऊ पंखा पाचवर करायचा, बाबा पेपर जरा वर धरायचे, आणि कुणीच काही बोलायचं नाही, पण प्रत्येकाच्या मनात संशयितांची यादी तयार. गोट्या आल्यापासून हा ताणच संपला. बाबा नुसतं "गोट्याऽऽ" म्हणतात आणि केस बंद. आणि तो येडा स्वतःचं नाव ऐकून शेपूट हलवतो, म्हणजे कबुलीजबाबच झाला की.

खरं तर आपल्याकडे शरीराच्या बारीकसारीक गोष्टींचा केवढा मानपान आहे. उचकी लागली की कुणीतरी आठवण काढतंय, जांभई आली की तोंडासमोर चुटक्या, बाहेर पडताना कुणी शिंकलं की दोन मिनिटं बसून पाणी पिऊन मग निघायचं. आजोबा जेवण झालं की अशी ढेकर द्यायचे की ओट्याखाली झोपलेली मांजर उठून जायची, आणि आजी खूश, स्वयंपाक पोचला म्हणून. पण तीच हवा खालच्या दाराने गेली तर अब्रू गेली. "मला गॅसेस झालेत" हे लग्नाच्या पंगतीतही मोठ्याने सांगता येतं, शेजारचे लगेच ओवा चावा, सोडा घ्या असं सुचवतात, कारण तो आजार झाला. आजार सगळ्यांना मान्य, फक्त तो बरा होताना कुणी बघायचं नाही.

तशी ती अगदी तीच हवा नसते म्हणा. ढेकर म्हणजे बहुतेक गिळलेली हवाच, खालचा माल मात्र बराचसा मोठ्या आतड्यातले जंतू तयार करतात. पण त्यातही नायट्रोजन, हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, काहींच्या पोटात मिथेन, आणि यातल्या एकालाही वास नाही. वास येतो तो गंधकाच्या काही संयुगांचा, आणि ती सगळी मिळून एक टक्कासुद्धा भरत नाहीत. नव्व्याण्णव जण निर्दोष आणि एका कार्ट्यापायी अख्ख्या घराण्याची बदनामी.

वाड्यात एक बरं होतं, संडास मागच्या अंगणात, टमरेल घेऊन निघालं की कोण कुठे चाललंय हे सगळ्यांना दिसायचं पण पुढचं काही ऐकू यायचं नाही. फ्लॅटमध्ये उलटं. आमच्या टॉयलेटचं दार डायनिंग टेबलपासून चार पावलांवर उघडतं, बिल्डरला काय सुचलं असेल कोण जाणे. म्हणून आत गेल्या गेल्या बादलीत नळ सोडायचा, हे आमच्याकडे पाहुण्यांनाही न सांगता कळतं. जपानमध्ये बायका याच कारणासाठी फ्लश चालू ठेवून पाणी फार वाया घालवायच्या म्हणून टोटो कंपनीने १९८८ मध्ये ओतोहिमे नावाचं यंत्र काढलं, बटण दाबलं की नुसता पाणी वाहिल्याचा आवाज येतो. आपलं यंत्र म्हणजे निळी बादली. फक्त ती भरून वाहायला लागली आणि तरी माणूस बाहेर येत नाहीये असं झालं की टेबलावर बसलेले लोक एकदम जोरजोरात पावसापाण्यावर बोलायला लागतात.

वासाचं मात्र असं काही करता येत नाही, कारण स्वतःच्या घराचा वास स्वतःला येतच नाही. नाकाला सवय होते आणि ते रिपोर्ट देणंच बंद करतं. मागच्या दिवाळीत आम्ही आठ दिवस कोकणात गेलो, गोट्याला बोर्डिंगमध्ये ठेवलं, आणि परत येऊन कुलूप काढलं तर आतून जो भपकारा आला, ओलं पोतं अधिक शिळी पोळी अधिक गोट्या असा काहीतरी, की आई म्हणाली, अगंबाई, एवढी वर्षं लोक आपल्याकडे येऊन पोहे खाऊन गेले? मग सगळं आठवायला लागलं. दार उघडल्या उघडल्या "तुमच्याकडे डॉगी आहे वाटतं?" असं विचारणारे, गोट्या तेव्हा आतल्या खोलीत गाढ झोपलेला असायचा. किंवा ती माझी मैत्रीण जी दर वेळी बाल्कनीतच बसते, व्ह्यू छान आहे म्हणते, आणि समोर तर दुसऱ्या बिल्डिंगची ड्रेनेजची पाइप. तिच्याकडे स्वतःकडे बोका आहे, ऑपरेशन न केलेला, पडद्यावर फवारे मारून हद्द आखतो आणि ती त्यावर मोगऱ्याचा फ्रेशनर मारते. तिच्या हॉलला मोगरा खाल्लेल्या बोक्यासारखा वास येतो आणि हे मी तिला कधी सांगितलेलं नाही. खरं बोलल्या त्या फक्त आमच्या कामवाल्या मावशी. त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, ताई, सोफ्याचे कव्हर काढून द्या, कुत्र्याचा वास मारतोय. आम्ही तेव्हा जरा रागावलोच होतो.

तर या वर्षी गोट्याचं प्रकरण फारच वाढलं म्हणून त्याला डॉक्टरकडे नेलं. तिने पोट दाबून बघितलं, शेपटीखालच्या ग्रंथी तपासल्या, त्या तुंबल्या की कुजलेल्या माशासारखा वास येतो म्हणे, पण त्या ठीक होत्या. मग खायला काय देता? आई म्हणाली, दूध-पोळी. तिने कपाळाला हात लावला नाही एवढंच. वयाने मोठ्या कुत्र्यांपैकी बऱ्याच जणांना दुधातली साखर नीट पचत नाही, ती तशीच पुढे आतड्यात जाते आणि तिथले जंतू त्यावर ताव मारतात. आणखी काही? आई गप्प. मी म्हटलं, आजी कधीकधी डाळिंब्यांची उसळ देते. आणि वाटाणे. आणि एकदा मुळ्याची भाजी. मग तिने साध्या आवाजात विचारलं, दिवसातून साधारण किती वेळा होतं?

आता आली पंचाईत. बाबा म्हणाले, तीसेक वेळा तरी. डॉक्टर पेन थांबवून म्हणाली, तीस? साडेनऊ किलोच्या कुत्र्याचे? बाबा माझ्याकडे बघायला लागले, मी भिंतीवरच्या जंतनाशकाच्या पोस्टरकडे. शेवटी तिनेच सुटका केली, म्हणाली आठवडाभर लिहून ठेवा, पण नक्की गोट्याचंच लिहा हं.

फ्रीजवर कागद लागला. भावाने मुद्दाम सगळ्यांच्या नावाचे रकाने पाडले, बाकीचे वजा केल्याशिवाय गोट्याचे कळणार कसे म्हणून. पहिल्या दिवशी कुणी काही भरलं नाही. दुसऱ्या दिवशी भावाने मोबाईलवर वाचून दाखवलं की माणसाचे दिवसाला दहा ते वीस नॉर्मल असतात, तेव्हा बाबांचा चेहरा असा खुलला, जसा बीपीचा रिपोर्ट चांगला आल्यावर खुलतो, आणि त्यांनी जाऊन एकदम नऊ रेघा ओढल्या. मग आईने दोन. मी पेन्सिलने, म्हणजे खोडता येतील अशा. दुपारी सगळे पुढ्यात मिरवायला लागल्यावर कळलं की गोट्याच्या नावावर गेली कित्येक वर्षं केवढी उधारी चढली होती. आठवड्याच्या शेवटी त्याचा आकडा निघाला रोजचे चार-पाच. दूध बंद केलं, आतून उंचवटे असलेलं भांडं आणलं म्हणजे तो हळू खाईल, आणि पंधरा दिवसांत तो जवळजवळ शून्यावर आला.

आजीचा रकाना पहिल्या दिवसापासून कोरा आहे. ती म्हणते, मला नाही बाई कधी काही होत, मी उसळीत हिंग घालते. (हिंगालाही तो वास गंधकाचाच असतो हे मी तिला सांगायला गेले नाही.)

काल दुपारी चारला मी चहा घेऊन तिच्या खोलीत गेले आणि दारातच थबकले. बाल्कनीचं दार बंद, पंखा बंद, आजी डोळे मिटून जपमाळ ओढतेय, आणि तिच्या पायाशी गोट्या मान वर करून हवेत काहीतरी हुंगतोय, चेहऱ्यावर अगदी विचारवंतासारख्या सुरकुत्या. आजीने एक डोळा उघडला, आधी माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"त्या मुक्या जिवाला जरा ओवा द्या गं कुणीतरी," ती म्हणाली, आणि पुढचा मणी ओढला. गोट्याने शेपूट हलवलं.