वाड्यात एकटी, सातबाऱ्यावर गर्दी

रावेर-यावलच्या केळी पट्ट्यात, नाहीतर जळगाव-धुळ्याच्या जुन्या पेठांत, अशी एखादी बाई सगळ्यांच्या ओळखीची असते. वडिलांची एकुलती एक. वाडा मोठा, शेती बागायती, सराफ बाजारात घराण्याची पत अजून टिकून, आणि रात्री दिवा एकाच खोलीत. लोक म्हणतात, पैसा आला की माणसं जातात, नशीबच तसं. मला हे पटत नाही. अशा घरातला एकटेपणा बराचसा अर्धवट कागदांतून आलेला असतो. वाटणी झालेली नाही, हिशेब कुणाच्या तरी तोंडी आहे, मृत्युपत्राचा पत्ता नाही, म्हणून ओट्यावर येणारा प्रत्येक जण काहीतरी मागायला आलाय असं तिला वाटतं. आणि पुष्कळदा तो मागायलाच आलेला असतो. मग ती दार लावून घेते. दार लावल्यावर आत जो एक माणूस उरतो, मुनीम म्हणा, भाचा म्हणा, नाहीतर रात्रपाळीची नर्स, त्याच्याच हातात सगळं जातं.

याचं टोकाचं उदाहरण अमेरिकेतलं आहे. ह्युगेट क्लार्क, जन्म १९०६, पॅरिसचा. वडील विल्यम क्लार्क हे मोन्टाना आणि ॲरिझोनातल्या तांब्याच्या खाणींचे मालक, शिवाय सिनेटर. बहीण १९१९ मध्ये मेंदूज्वराने गेली, वडील १९२५ मध्ये. १९२८ मध्ये झालेलं लग्न दोन वर्षांत मोडलं आणि १९६३ मध्ये आई गेली. न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर तिची मिळून ४२ खोल्यांची घरं होती, कॅलिफोर्नियात समुद्राकाठी बंगला होता, कनेटिकटमध्ये विकत घेतलेल्या हवेलीत तर ती एक दिवसही राहिली नाही. १९९१ मध्ये उपचारांसाठी रुग्णालयात गेली, बरी झाली, तरी घरी परतली नाही. २० वर्षं रुग्णालयातच काढून मे २०११ मध्ये, १०४ व्या वर्षी वारली. तेवढ्या काळात एका खासगी नर्सला तिच्याकडून सुमारे ३ कोटी १० लाख डॉलर भेटीदाखल गेले. २००५ मध्ये सहा आठवड्यांच्या अंतराने दोन मृत्युपत्रं झाली. पहिल्यात मालमत्तेचा मोठा भाग नातलगांकडे जात होता, दुसऱ्यात त्यांना दमडी नव्हती. सुमारे ३० कोटी डॉलरच्या मालमत्तेवरून सावत्र भावंडांच्या वंशातले १९ जण कोर्टात गेले आणि २०१३ मध्ये तडजोड झाली. त्या तडजोडीत नर्सला काही मिळालं नाही, उलट ५० लाख डॉलर परत करावे लागले.

आकडे सोडा, घडण आपल्याकडची वाटावी इतकी सारखी आहे. म्हणून आता आपल्या गावाकडच्या कागदांकडे वळतो, क्रमाने.

वडील गेल्यावर पहिलं काम वारस नोंद. मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांचं प्रतिज्ञापत्र, आधार, रेशन कार्ड, सातबारा आणि ८-अ, एवढं घेऊन तलाठ्याकडे (आता पद ग्राम महसूल अधिकारी) किंवा ऑनलाइन ई-हक्क प्रणालीवर अर्ज करायचा. कायद्याने कळवण्याची मुदत तीन महिने. आधी गाव नमुना ६-क मध्ये वारस चढतात, मग नमुना ६ मध्ये फेरफार पडतो, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी १५ दिवस मिळतात आणि त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. हरकत आली की तक्रारी नोंद होते आणि सुनावणी लागते. गावठाणातल्या वाड्यासाठी ग्रामपंचायतीचा नमुना ८, शहरातल्यासाठी सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका. हे सातबाऱ्याबरोबर आपोआप बदलत नाही, वेगळा अर्ज लागतो. वाडा पंधरा वर्षं मयत वडिलांच्या नावावर राहतो तो इथे चुकल्यामुळे.

जुन्या सातबाऱ्यावर काकाच्या किंवा चुलतभावाच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ असेल तर सावध व्हा. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून त्याचं एकट्याचं नाव लागलेलं असतं आणि मुलीचं नाव कुठेच दिसत नाही. तो व्यवहार करायला गेला तर समोरच्याला ती आहे हेच कळत नाही. २०२५ मध्ये राज्यात ‘जिवंत सातबारा’ मोहीम निघाली, त्यात मयत खातेदारांच्या जागी वारस लावण्याचं काम झालं. आपलं नाव त्यात आलं का, हे डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत काढून बघता येतं. मात्र नोंद म्हणजे मालकी नव्हे. नोंद महसुलासाठी असते, मालकीचा वाद दिवाणी न्यायालयात सुटतो.

जमीन वडील आणि त्यांच्या भावांत वाटलेली नसेल तर लेकीला वडिलांचा हिस्सा मागता येतो. हिंदू वारसा कायद्यातल्या ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने मुलगी जन्मतः सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेची मुलाइतकीच हिस्सेदार, झाली आणि वडील तेव्हा हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केलं. महाराष्ट्राने तर अविवाहित मुलींना १९९४ मध्येच हा हक्क दिला होता. तरी आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) चुलतभाऊ घ्यायला येतो आणि गाडीत विषय निघतो, “सही करी दे ना बहिन, माहेर तुनं उघडंच शे.” हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदलं की हक्क संपला. फसवणुकीने सही घेतली असं म्हणायचं असेल तर कोर्टात जावं लागतं आणि फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांची मुदत असते. यावर माझं मत कडक आहे. माहेर टिकवायचं म्हणून हक्क सोडणाऱ्या बाईचं माहेर पुढच्या आखाजीपर्यंतही टिकतंच असं नाही. वाटणी मागा, जमिनीचा सरस-निरस (चांगला-हलका) भाग बघून मोजणी करून घ्या, आणि मग हवं तर एखादा तुकडा आपल्या राजीखुशीने चुलतभावाला द्या. क्रम असा ठेवला की भाऊ ओट्यावर मोकळेपणाने बसतो.

आता शेती. संशय इथेच सर्वात जास्त वाढतो, आणि तो आकड्यांनीच मरतो. केळी ५ बाय ५ फुटांवर असेल तर एकरी १,७४२ झाडं बसतात. मर, वाऱ्याने पडलेली आणि सीएमव्ही या विषाणू रोगाने उपटलेली मिळून दहा टक्के वजा करा, साधारण १,५७० घड उरतात. घडाला सरासरी १९ किलो धरले तर एकरी ३०० क्विंटलच्या आसपास माल. मुनीम क्विंटलमागे १०० रुपये कमी भाव सांगत असेल तर एकरी ३० हजार आणि ४० एकरांवर १२ लाख रुपये वर्षाला गायब. एवढी तूट डोळ्यांना दिसत नाही, कारण केळीचा भाव रोज बदलतो आणि कापणीही टप्प्याटप्प्याने होते. उपाय साधा आहे. कापणीच्या दिवशीचा रावेरचा जाहीर भाव स्वतःच्या वहीत लिहायचा, काट्याची पावती फोटो काढून त्याच दिवशी मागवायची, घडांची संख्या मजुरांच्या मुकादमाकडून वेगळी विचारायची, आणि व्यापाऱ्याचे पैसे फक्त आपल्या खात्यात. घड, वजन आणि भाव यांपैकी दोन गोष्टी वेगवेगळ्या तोंडांतून आल्या की तिसरी खोटी सांगणं अवघड जातं. जून तोंडावर आला की वादळाने बाग झोपण्याचा धोका, म्हणून ई-पीक पाहणी (मोबाइलवरून पिकाची सरकारी नोंद) स्वतःच्या नावाने करून ठेवायची. ती नसली की नुकसानभरपाईच्या वेळी अडचण होते.

शेत नफ्याने (ठरावीक रकमेवर) किंवा निंबटाईने (पिकातल्या वाट्यावर) द्यायचं तर तोंडी नको. दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा माणूस कूळ समजला जाऊ शकतो. घरचा माणूस आणि मजुरीवरचा नोकर त्यातून वगळलेले आहेत. म्हणून सालदार (वर्षाच्या बोलीवरचा शेतगडी) ठेवणं एकट्या बाईला जास्त सुरक्षित, पण त्याची मजुरी बँकेतून गेली पाहिजे. आपल्याकडे सालदाराचं साल आखाजीला बदलतं. त्या दिवशी सालाची रक्कम, धान्य, कपडे आणि आधीची उचल दोन वह्यांत लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. एक वही त्याच्याकडे राहील. उचल फिटली का, यावरून जेवढी जुनी माणसं तुटलीत तेवढी दुसऱ्या कशाने नसतील.

घरातल्या व्यवस्थेसाठी एकच नियम सांगतो. किल्ली, सही आणि औषध या तीन गोष्टी एका हातात कधीही नकोत. औषध देणाऱ्या बाईकडे कपाटाची किल्ली नको, किल्लीवाल्याकडे चेकबुक नको, चेक लिहिणाऱ्या मुनीमाने डॉक्टर ठरवायचा नाही. क्लार्कबाईच्या बाबतीत सहीची माणसं आणि उशाजवळचं माणूस एवढाच घेर उरला होता. कुलमुखत्यारपत्र द्यायचंच तर एका कामापुरतं, गट नंबर आणि मुदत लिहून द्या. सरसकट नको. देणारी वारली किंवा तिची बुद्धी स्थिर राहिली नाही की ते संपतं, पण गावात हे कुणी सांगत नाही आणि जुन्या कागदावर व्यवहार होत राहतात. रद्द केलं तर रद्दपत्र नोंदवा, आणि बँकेला व नेहमीच्या व्यापाऱ्यांना लेखी कळवा.

ठेवींबद्दल थोडक्यात. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक धरून, माणशी प्रत्येक बँकेत ५ लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेला तो नाही. पतसंस्था बुडताना पाहिलेल्या जळगाव जिल्ह्यात हे वेगळं समजावून सांगायला नको. दहा वर्षं न हललेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, ती उद्गम पोर्टलवर शोधता येते. सात वर्षं लाभांश न घेतलेले शेअर आयईपीएफ या केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार निधीकडे जातात. जुन्या सावकारी घरांत असे कागद ट्रंकेत हमखास सापडतात. आणि नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. तो पैसे ताब्यात घेतो, मालक वारसच. सोनं लॉकरमध्ये असेल तर बँकेची जबाबदारी, तीही आग, चोरी, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची लबाडी असं काही झालं तरच, वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंत. भाडं ३,००० असेल तर ३ लाख. दोनशे तोळ्यांपुढे ते काहीच नाही, तेव्हा दागिन्यांचा वेगळा विमा बघा.

आता सर्वात दुर्लक्षित कागद, मृत्युपत्र. हिंदू वारसा कायद्याचं कलम १५ एकट्या बाईने समजून घ्यायलाच हवं, जैन घरांनाही तोच कायदा लागू आहे. विधवा बाई मूलबाळ नसताना मृत्युपत्राशिवाय गेली तर आईवडिलांकडून वारसाने आलेलं वडिलांच्या वारसांकडे जातं आणि तिने स्वतः कमावलेलं नवऱ्याच्या वारसांकडे. नारायणीदेवी नावाच्या बाईंचा नवरा लग्नानंतर तीन महिन्यांत साप चावून गेला, सासरच्यांनी हाकलून दिलं, त्या माहेरी राहून शिकल्या, नोकरी केली. १९९६ मध्ये वारल्या. त्यांनी मागे ठेवलेली कमाई सासरच्या वारसांची, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये दिला. अजून एक खाच आहे. वडिलांनी मृत्युपत्राने किंवा बक्षीसपत्राने दिलेली जमीन ‘वारसाने मिळालेली’ धरली जात नाही, म्हणजे तीसुद्धा नवऱ्याच्या वारसांकडे वळू शकते. लेकीचं भलं व्हावं म्हणून वडिलांनी केलेला कागद असा उलटतो.

मृत्युपत्राला स्टॅम्प ड्युटी नाही, नोंदणी सक्तीची नाही, पण करावी. दोन साक्षीदार, तिच्यापेक्षा वयाने लहान आणि ज्यांना त्यातून काही मिळत नाही असे. त्याच दिवसाचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र. जमीन गट नंबर आणि हेक्टर-आर लिहून. ‘माझे दागिने’ असं मोघम नको, वस्तू आणि वजन लिहा. ‘उरलेलं सर्व’ कुणाला, हे एक वाक्य हवंच, नाहीतर नंतर घेतलेली मालमत्ता लटकते. आधीची सर्व मृत्युपत्रं रद्द, हे पहिल्या परिच्छेदात. कुणाला का वगळलं तेही दोन ओळींत लिहावं. दुखतं, पण कोर्टात तेच टिकतं. आणि मृत्युपत्र झालं आहे एवढं सगळ्या भाऊबंदांना कळू द्या, आत काय आहे ते नको. ठरून गेलं म्हटल्यावर नुसती ख्यालीखुशाली विचारायला येणारे कोण, ते आपोआप कळतं.

खान्देशात कानबाई देवीच्या सणाला, म्हणजे रोटांना, भाऊबंद एकत्र येतात. बऱ्याच घरांत रोटाचे गहू घरच्या पुरुषांच्या नावाने मुठी मोजून घेतात. एकट्या वारसदार बाईच्या घरची मूठ कुणाच्या नावाने, हा प्रश्न दरवर्षी कुजबुजीत निघतो. माझं म्हणणं, तिने स्वतःच्या नावाने मूठ घालावी आणि गहू आपल्या शेतातले आणावेत. सातबाऱ्यावर नाव चालतं तर परातीत का नाही? आखाजीला वाड्याच्या चौकात झोका बांधून गल्लीतल्या पोरींना बोलावलं तर खर्च एका दोराचा. दोर नवा घ्या, आणि जुन्या वाड्याची तुळई वाळवीने पोखरलेली नाही ना, ते आधी ठोकून बघा.

जिवंतपणीच वाडा किंवा शेत एखाद्या भाच्याच्या नावावर करायचं असेल तर बक्षीसपत्रात ‘तहहयात सांभाळ, औषधपाणी आणि राहण्याचा हक्क’ ही अट शब्दांत लिहून घ्या. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याच्या कलम २३ खाली अट मोडली तर हस्तांतरण रद्द होऊ शकतं आणि त्यासाठी प्रांतांच्या (उपविभागीय अधिकाऱ्यांच्या) न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. पण कागदावर अट नसेल तर तिथे तोंडी वचन सिद्ध करणं फार अवघड जातं. मूल नसलेल्या साठ वर्षांवरच्या बाईला, स्वतःच्या उत्पन्नात भागत नसेल तर, तिची मालमत्ता ज्याच्याकडे आहे किंवा जाणार आहे त्या नातेवाइकाकडून निर्वाहखर्चही मागता येतो. कुठे जायचं कळत नसेल तर ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७.