मजकूर समजला

वाईच्या आत्याला मी मंगळवारी संध्याकाळी सहा वाजता व्हॉट्सॲपवर मेसेज टाकला. ‘मोतीबिंदूचं ऑपरेशन कधी ठरलं? दोन दिवस येऊन राहू का?’ आधी एक टिक आली, मग लगेच दुसरी. दोन्ही राखाडी. सात वाजले, कुकरच्या शिट्ट्या झाल्या, आठ वाजले, तरी राखाडीच. आत्या ७९ वर्षांची, घरात एकटी, आणि तिच्या घराचा जिना असा की मधल्या पायरीवर धडधाकट माणूसही भिंतीला हात लावतो. साडेनऊला न राहवून फोन केला. तिसऱ्या रिंगला उचलला.

“काय गं, एवढ्या रात्री?”

“मेसेज टाकला होता तुला. बघितला नाहीस.”

“बघितला की. सहालाच.”

“मग निळं कसं नाही झालं?”

“उघडला नाही मी. वरून बोट खाली ओढलं की त्या पडद्यात दिसतं ना सगळं. उघडला की तुमच्याकडे निळं होतं. मग तुम्ही म्हणणार, वाचलंय आणि गप्प बसलीय म्हातारी.”

“आणि ऑपरेशन?”

“तारीख मिळाली की सांगेन. मिळाली नाही म्हणून तर उघडला नाही.”

नातवाने तिला फोन चार्जिंगला लावणं, फोटो पाठवणं आणि व्हिडिओ कॉलवर फोन कपाळापासून लांब धरणं एवढंच शिकवलं होतं. ही पडद्यातून वाचायची विद्या तिची स्वतःची. आमच्या ऑफिसात साहेबांचे मेसेज असे वाचणारे आहेत, पण त्यांना ती साधायला दोन-तीन नोकऱ्या कराव्या लागल्या.

शाळेत ही टिकेची खूण बाई लाल शाईने करायच्या आणि तिचं नाव होतं बरोबरची खूण. व्हॉट्सॲपवर तिला बरोबर-चूक यांच्याशी घेणंदेणं नाही. लसणाने हृदयाच्या नळ्या साफ होतात, या मेसेजलाही दोन बरोबर मिळतात. एक टिक म्हणजे निरोप माझ्या फोनमधून निघून कंपनीच्या सर्व्हरला लागला. दोन म्हणजे समोरच्याच्या फोनवर पोचला. फोनवर, माणसापर्यंत नव्हे. माणसापर्यंत पोचल्याचा निळा रंग आला २०१४ च्या नोव्हेंबरात. त्या महिन्यात जी ओरड झाली ती मला आठवते. कंपनीलाही ऐकू गेली असणार, कारण थोड्याच दिवसांत निळं बंद करायची सोय आली. सोयीला अट मात्र आजीच्या वळणाची: तू मला दाखवणार नाहीस तर मीही तुला दाखवणार नाही. आपल्या टिका लपवल्या की दुसऱ्यांच्याही दिसेनाशा होतात. शिवाय ग्रुपमध्ये आणि आवाजी मेसेजना ही सोय लागू नाही. तिथे तुम्ही ऐकलंत की पाठवणाऱ्याला कळतंच.

माझ्या आजोबांच्या घरी दाराशेजारी एक आकड्याची तार लटकलेली असे आणि आलेलं प्रत्येक पत्र वाचून झालं की त्या तारेला टोचलं जाई. तारेवरची बहुतेक पत्रं एकाच वाक्याने सुरू व्हायची. ‘तुझे पत्र पावले. वाचून मजकूर समजला.’ पोचलं, वाचलं, समजलं. तिन्ही टिका एका ओळीत, आणि त्या ज्याने वाचलं त्याच्याच हस्ताक्षरात.

जुने लोक तत्परतेने उत्तरं देत, असं काही मला म्हणायचं नाही. त्या तारेवरचं एक पत्र आजोबांच्या मेहुण्यांचं आहे. आजोबांनी त्यांच्याकडे विहिरीच्या कामासाठी उसने पैसे मागितले होते, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मेहुण्यांचं उत्तर असं: पत्र पावले, मजकूर समजला, इकडे पाऊस बरा आहे, चि. बाळ पास झाला, गाय व्याली, कळावे, लोभ असावा. विहीर नाही, पैसे नाहीत. समजलेला मजकूर तिथेच बसवून मेहुणे गाईकडे वळले. निळी टिक द्यायची आणि विषय सोडून द्यायचा, ही कला त्यांना पोस्टकार्डावर साधलेली होती. ज्यांना एवढंही जमत नसे त्यांच्यासाठी ‘तुझे पत्र मिळालेच नाही’ हे होतंच. गहाळ न झालेली किती पत्रं आपल्या नातेवाइकांनी बिचाऱ्या पोस्टाच्या अंगावर ढकलली असतील! निळ्या टिकेने खरं नुकसान केलं ते या थापेचं.

पुरावा हवा असेल तर तेव्हाही सोय होती. पोचपावतीसह रजिस्टर, म्हणजे आपलं रजिस्टर ए.डी. पत्राच्या पाठीला एक लहान कार्ड जोडलेलं असायचं. घेणाऱ्याची सही होऊन ते पाठवणाऱ्याकडे परत यायचं. पण ते पाठवायचे वकील, बँका आणि जमिनीच्या हद्दीवरून भांडणारे लोक. भावाने भावाला रजिस्टर ए.डी. पाठवलं की वाटणीचा दावा लागणार हे अख्ख्या आळीला पोस्टमनच्या हातातल्या कार्डावरूनच कळे. सही घ्यायला पोस्टमन दारात उभा, आणि घरातला कर्ता पुरुष मागच्या दाराने गोठ्यात. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं, तेव्हा कोर्टकचेरी न पाहिलेल्या आमच्या घरात कुणाला फारसं सोयरसुतक नव्हतं. पण गंमत बघा, जी पोचपावती आपण फक्त दाव्याच्या कागदाला लावत होतो ती आता ‘जेवलास का?’ला लागते. मुलगा पुण्याला हॉस्टेलवर आहे. मी विचारते जेवलास का, निळं होतं, उत्तर येत नाही, आणि मी मनातल्या मनात दावा तयार करायला घेते. कधी ‘टायपिंग’ अशी अक्षरं वर हलताना दिसतात, मिनिटभर, दोन मिनिटं. मला वाटतं आज सगळं मेन्यूकार्ड येणार. येतं ते ‘हं’.

आमच्या घरात पोचपावतीची एक फुकट पद्धत होती. तेव्हा मोबाइलवर आलेल्या फोनलाही पैसे पडत. इनकमिंग फुकट झालं ते २००३ मध्ये. मी लग्न होऊन ठाण्याला आलेली. माहेरहून निघताना बाबा बजावायचे, “पोचलीस की दोन रिंग दे आणि ठेव.” दोन रिंग म्हणजे सुखरूप पोचले. पाच रिंग म्हणजे उचला, काहीतरी आहे. न उचललेल्या फोनला पैसे नाहीत, आणि रिंगांचा अर्थ आमचा आम्ही लावलेला, त्यामुळे अख्खा निरोप बिनखर्चाचा. मिस्ड कॉल दे, असं या देशात कोट्यवधी लोक एकमेकांना सांगत होते. एकदा मात्र आईने लेकीच्या ओढीने दुसऱ्याच रिंगला फोन उचलला. “पोचलीस का गं?” एवढंच विचारलं. माझे पैसे गेले म्हणून बाबा दोन दिवस तिच्याशी तुटक बोलत होते.

मेसेज तेव्हाही होते, पण मोजून मापून. एका मेसेजात १६० अक्षरं. हा आकडा जर्मनीतल्या बॉनचा. १९८५ मध्ये फ्रीडहेल्म हिलेब्रांड नावाचे अभियंते आपल्या टाइपरायटरवर मनाला येतील ती वाक्यं टाइप करून अक्षरं मोजत बसले, आणि बहुतेक वाक्यं १६० च्या आतच संपतात असं त्यांच्या ध्यानात आलं. लोकांची पोस्टकार्डंही त्यांनी पाहिली, त्यांवरचा मजकूरही साधारण तेवढ्यातच आटपलेला. माझ्या आजीचं एखादं कार्ड कुणी त्यांना नेऊन दाखवायला हवं होतं. ती कार्ड भरलं की कडेने उभं लिहायची, मग उलट्या बाजूने, आणि शेवटी पत्त्याच्या वरच्या चिंचोळ्या पट्टीत ‘लोणच्याला तेल कमी पडू देऊ नकोस’ हे कोंबायची.

बरं, १६० ही रोमन लिपीपुरती. फोन आणि टॉवर एकमेकांशी जे कामापुरतं बोलतात, त्या वाटेवरच्या रिकाम्या जागेत मेसेज बसवलेला. जागा १४० बाइटची, म्हणजे ११२० बिटांची. इंग्रजी अक्षराला त्यातले सात बिट पुरतात, देवनागरीला सोळा लागतात. म्हणून मराठीत लिहिलं की १६० ची ७० होतात. अख्ख्या इंग्रजी मेसेजात चुकून एक ‘ळ’ घातला तरी सगळा मेसेज ७० वर येतो. त्यातही काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षराचा पाय, सगळ्यांची वेगळी मोजणी. ‘ज्ञानेश्वरी’ आपल्या डोळ्यांना चार अक्षरं दिसते. यंत्र ती अकरा मोजतं. आपल्याकडची सगळी पिढी ‘कसा आहेस’ रोमनमध्ये का लिहायला लागली याचं खापर नेहमी मुलांच्या इंग्रजी शाळांवर फुटतं. थोडं या हिशेबावरही फोडायला हरकत नाही.

पहिला एसएमएस गेला तो ३ डिसेंबर १९९२ ला, इंग्लंडात. नील पॅपवर्थ या २२ वर्षांच्या अभियंत्याने संगणकावरून व्होडाफोनच्या रिचर्ड जार्विस यांना पाठवला: ‘मेरी ख्रिसमस’. जार्विस तेव्हा नाताळच्या पार्टीत होते. त्यांनी काहीच उत्तर पाठवलं नाही, कारण त्यांच्या त्या जाडजूड फोनवर मेसेज लिहायची सोयच नव्हती. किती सुखाचा फोन! आला, वाचला, खिशात ठेवला, पुन्हा पार्टी सुरू.

आत्याच्या पडद्याकडे पुन्हा येते, कारण मला वाटतं तिला तो इतक्या लवकर उमगला याचं कारण पोस्टकार्डात आहे. कार्ड हे उघडंच. पोस्टमन वाचणार, शेजारी वाचणार, ज्याचं आहे त्याच्या हातात सगळ्यात शेवटी पडणार. पाकिटाचं तसं नाही, ते फोडावं लागतं, आणि फोडलं की फोडलेलं दिसतं. नोटिफिकेशनचा पडदा म्हणजे कार्ड आणि चॅट म्हणजे पाकीट, हे तिला कुणी समजावायला लागलं नाही. आणि कार्ड तर वाचायच्याही आधी बोलायचं. कोणी गेल्याचं कळवायचं असलं की कार्डाचा कोपरा फाडत. फाटक्या कोपऱ्याचं कार्ड पोस्टमन नुसता देऊन पुढे जात नसे, घटकाभर ओटीच्या खाली थांबे. आत्या सांगते, तिची आई हात पुसत बाहेर यायची ती आधी चारही कोपरे बघायची. चारही जागेवर असले की मग कार्ड कुणाचं ते. आता फोन वाजतो तो एकाच आवाजात. दूधवाल्याचं बिल, सोसायटीचं पाणी बंद आणि कुणीतरी गेलं, तिन्हींना तोच टिंग.

धाकटे काका दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत गेले. सांगलीला असायचे. त्यांचा फोन काकूंनी बंद करून कपाटात ठेवला, आणि घराण्याच्या ग्रुपमधून त्यांचं नाव काढायचं कुणाच्याच मनात आलं नाही. ग्रुपमध्ये दुसरी टिक यायला मेसेज शेवटच्या माणसाच्याही फोनवर पोचावा लागतो आणि निळं व्हायला त्यानेही वाचावा लागतो, त्यामुळे त्या ग्रुपवरचे आमचे सगळे मेसेज एक टिक घेऊन बसायचे. वाढदिवस, आंब्याच्या पेट्या, दहावीचे निकाल, सगळ्यांना एकच टिक. आम्हा सगळ्यांना कारण माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. मग जूनच्या शेवटी एका दुपारी ग्रुपवर बारीक अक्षरांत ओळ उमटली की काका ग्रुपमधून बाहेर पडले.

१२० दिवस वापर झाला नाही की खातं आपोआप बंद होतं, असा नियम आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये काश्मीरमधलं इंटरनेट बंद झालं, आणि डिसेंबरात तिथल्या लोकांची नावं ठिकठिकाणच्या ग्रुपांतून अशीच गळाली. कंपनीने तेव्हा हाच नियम सांगितला होता. नियम मला ठाऊक होता. तरी त्या ओळीवर माझी नजर बराच वेळ खिळली होती. मेलेल्या माणसाच्या वतीने, न विचारता, यंत्राने निरोप घेतला होता, तोही बाजारातून निघाल्यासारखा.

काकूंना कुणी फोन करायचा, यावर बाजूला तिघी-चौघींची चर्चा झाली. शेवटी आत्यानेच केला. काय बोलली ते सांगितलं नाही. मला एवढंच म्हणाली, “जिवंतपणी तो कधी पंगतीतून आधी उठला नाही गं. ताक संपेपर्यंत बसायचा.”

त्यानंतर ग्रुपवरच्या टिका दोन व्हायला लागल्या. निळ्या मात्र अजून क्वचितच होतात, कारण आत्या त्या ग्रुपमध्ये आहे.

परवा सकाळी सातला तिचा फोन आला. मी दूध तापत ठेवलं होतं.

“गुरुवारी ऑपरेशन. डावा डोळा. बुधवारी ये, दोन दिवस नको, तीन दिवस ये, कारण थेंब घालायला मला स्वतःला जमणार नाही. येताना हळदीची पूड आणू नकोस, इथे आहे. आणि तू तो कुणाचा तरी आवाजातला मेसेज पुढे पाठवला होतास, तो मी ऐकला नाही. ऐकला की कळतं ना तुम्हाला?”

“हो.”

“मग ये आणि तोंडाने सांग.”

दूध उतू गेलं. गॅस बंद करून फोन पाहिला. मंगळवारचा माझा मेसेज होता तिथेच, दोन टिका, राखाडी.