ओठ हलतात, आवाज येत नाही

शनिवारी दुपारी आमच्या बेळगावातल्या शहापूरच्या घरी हॉलमध्ये पंधरा-सोळा पोरं गाणं शिकायला येतात. मराठी मिडियमची, इंग्लिश मिडियमची, दोन-तीन तर घरी कन्नड बोलणारी. खिदळायला मात्र भाषा लागत नाही, हे मला इतक्या वर्षांत नीट कळलंय.

गेल्या जूनमध्ये वडगावचा एक पोरगा आला, अकरा वर्षांचा. घरात पॉवरलूम, दिवसभर खडखडाट, त्यामुळे घरी काय सांगायचं तर ओरडूनच सांगावं लागतं आणि याचा आवाज असा की पहिल्याच दिवशी ‘सा’ लावला तर शेजारची आजी खिडकीत आली. सूर थोडा खाली होता पण आवाज मोकळा होता, आणि मला मोकळा आवाज मिळाला की बाकीचं नंतर बघू असं वाटतं. मागच्या चटईवरची एक पोरगी हळूच म्हणाली, "कोंबडा." झालं. पुढचे तीन शनिवार त्याचे ओठ हलताना दिसायचे, आवाज शून्य. विचारलं तर म्हणे "हसूलालेत ओ सर सगळी."

मग मी जे केलं ते चुकलं, आजही वाटतं. सगळ्यांसमोर त्याचं कौतुक केलं, "याच्यासारखं गावा बघू." आता तो ‘सरांचा लाडका’ झाला, म्हणजे अजूनच वाईट. या वयात माझ्या दहा शाबासक्यांपेक्षा शेजारच्याचं एक फुसकन हसणं भारी पडतं, आणि त्यात माझ्या रागावण्याचाही काही उपयोग नसतो, उलट हसणारे हिरो होतात.

पालक वेगळंच घेऊन बसतात. कुमार गंधर्व आपल्या सुळेभावीचेच, लहानपणी रेकॉर्डी ऐकून हुबेहूब गायचे, मग आमचा का नाही? अहो, शिवपुत्र कोमकाळीमठ (कुमारांचं खरं नाव) एखादाच, आणि त्यांनाही पुढे मुंबईला देवधर मास्तरांकडे बसून शिकावं लागलंच की.

एक गोष्ट मला फार उशिरा सुचली. मी माझ्या सोयीने काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला ‘सा’ धरून, शिकवत होतो. पोरांचा आवाज वरचा, त्यात पुरुषाच्या आवाजामागे जायचं म्हटलं की बरीच गोंधळतात, काही खाली उतरायला बघतात, काही मध्येच कुठेतरी लटकतात, आणि बाकीची म्हणतात हा बेसूर. पेटी काळी चारवर नेली, माझ्याऐवजी सातवीतल्या मुलीला पुढे गायला लावलं, आणि ‘सा रे ग प ध सां’ ही साधी भूप रागाची चढण सुद्धा एकदम स्वच्छ ऐकू यायला लागली. निम्मे बेसूर माझ्या पट्टीनेच बेसूर केलेले!

आणि एक केलं, सगळ्यांना भिंतीकडे तोंड करून बसवलं. कोण गातंय ते दिसत नाही, चेहरे बघून हसायची सोय नाही. दुसऱ्या आठवड्याला त्याचा आवाज आला, आधी अर्धा, मग नेहमीसारखा खणखणीत.

सोलो गाणार नाही म्हणतो, नको तर नको. आणखी दोन-तीन वर्षांनी आवाज फुटेल तेव्हा परत हीच शाळा आहेच.

परवा बघितलं तर कोंबडा म्हणणारी पोरगी सरकत सरकत त्याच्या चटईवर येऊन बसली होती. म्हटलं काय गं, तर म्हणे, "याच्याजवळ बसलं की पट्टी सापडते ओ सर." तो म्हणाला, "सर, हिला तिकडं बसवा की, माझी जागा खाते."